दुसऱ्या मजल्यावरची कडी

१६ ऑक्टोबर, गुरुवार
दुपार, ऑफिस

प्रिय युन-शी,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागते. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते. पण स्वतःची वही रोज लिहिते, तेव्हा ते कारण चालणार नाही.

तू तैपेईत बरी असशील. आईचा गुडघा तसाच आहे. पेरूवाल्याशी तिचं भांडण मात्र मिटलं. इथे जेवणानंतरची झोप चालू आहे. दिवे बंद, सगळा विभाग टेबलावर डोकी टेकून पडलाय. आमचे विभागप्रमुख ल्याओ साहेब घोरताहेत. खरंच घोरताहेत की नाही, हे मी मघापासून कान देऊन ऐकतेय. हल्ली माझा कुणावर विश्वास बसत नाही.

जुलैत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह सर्वांसाठी खुलं केलं. महापालिकेचं नवं धोरण. पाटीवर ना बाई ना पुरुष, नुसतं कमोडचं चित्र. तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा आणि लोकांचा विरोध दिसला तर पहिल्यासारखं करायचं, असं ठरलं. तो आढावा उद्या सकाळी आहे. नागरिकांच्या फोनच्या नोंदी माझ्याकडे जमा होतात. अकरा फोन आले, सगळे नाव न सांगता. अहवालाच्या मसुद्यात मी लिहून ठेवलंय: विरोध, अकरा.

हे फोन करतंय कोण, या विचाराने मला पछाडलं. आधी संशय आ-चिन मावशींवर गेला. त्या तिथली साफसफाई करतात. दाराआडच्या कागदावर दर तासाला सही त्यांचीच. सोमवारी मी उगाच हात धुवायच्या निमित्ताने तिथे रेंगाळले.

"काय गं, चौथ्यांदा हात धुतेस? कुणाचा खून केलास?" त्या म्हणाल्या.

"मावशी, इथल्या तक्रारी कोण करतं, काही कल्पना?"

"म्हणजे मी? अगं, मला बोलायचं तर मी तोंडावर बोलते, फोन कशाला फुकट घालवू? आणि तक्रार काय खोटी आहे? तिसऱ्या खोलीची कडी लागत नाही. दाराला पाय लावून बसावं लागतं माणसाला. तू बसून बघ."

मी बसून बघितलं. खरंच पाय लावावा लागला. बाहेर कुणाची तरी पावलं आली तेव्हा मी दुसराही पाय दाराला लावला, आणि मी तर चाळीस वर्षं बिनधोक बायकांच्या दाराने जात आलेली बाई.

जागेवर येऊन अकरा नोंदी पुन्हा वाचल्या. बंद करा, असं एकही म्हणत नाही. नऊ फोन कडीचे आहेत, दोन वास येतो म्हणून. पौर्णिमेच्या सणाच्या आदल्या आठवड्यातल्या नोंदीत फोन घेणाऱ्याने लिहिलंय, 'आवाज जाड. आधी आभार मानले. फक्त कडी बसवा म्हणाल्या.' क्षणभर वाटलं, ही तूच. सणाला गावात येऊन आम्हाला न भेटता गेलीस की काय.

मी ल्याओ साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, हा विरोध नाही. दुरुस्ती मागताहेत लोक."

"मॅडम, अकरा म्हणजे अकरा. जनता बोलली, आपण ऐकायचं. मला कशाला पेचात टाकता?"

"पण कडीच्या दुरुस्तीचा कागद जुलैत निघाला होता. अजून काम का झालं नाही?"

"माझ्याकडे आला असता तर शिक्का मारला नसता का?" ते म्हणाले, आणि चहाचा थर्मास उघडायला लागले.

मला खात्रीच पटली. यांनी कागद दाबला, तक्रारी वाढू दिल्या, आता आकडा दाखवून जागा बंद करणार. काल दिवसभर मी आवक-जावक नोंदवही चाळली, यांना पकडायला. नोंद नव्हती. मग सगळ्या फायली काढल्या. कागद माझ्याच कप्प्यात मिळाला, वादळाच्या वाळूच्या पोत्यांच्या यादीखाली. चौदा जुलै, माझं अक्षर, माझा लाल शिक्का. पुढे पाठवलेलाच नव्हता.

विसरले, असं वहीत लिहिलं. मग खोडलं. विसरले की विसरायचं होतं, हे मलाच ठामपणे सांगता येत नाही.

कारण बाबांचा दिवस मी विसरलेली नाही. महापालिकेच्याच अंत्यविधी भवनात तू हळूच विचारलंस, "ताई, मी कुठे जाऊ?" दोन दारं होती, आणि दोन्हींकडे काकूंची नजर होती. त्यांच्यासाठी तू अजून बाबांचा मुलगाच होतीस. मी म्हटलं, "रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप आहे. तिथलं स्वच्छ असतं." स्वच्छतेचा काही संबंध नव्हता. तू आलीस तोवर बाबांच्या पेटीचं झाकण बसलं होतं. काकू म्हणाल्या, "बापासाठी घटकाभर थांबवलं नाही याला." तू माझ्याकडे बघितलंस. मी पाठवलं, हे एक वाक्य मी बोलले नाही. अगरबत्त्या सारख्या करत राहिले.

ल्याओ साहेबांना मी आज काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, मी कागद शोधतेच आहे. उद्या बैठकीत गप्प राहिले, तर दोष आपोआप त्यांच्यावर जाईल, किंवा फोन करणाऱ्यांवर. दोन्ही मला सोयीचं आहे. म्हणून हे तुला आधी लिहून ठेवतेय, म्हणजे मागे फिरता येणार नाही. माझा माझ्यावर तेवढाही भरवसा नाही.

दिवे लागले. पाकीट आत्ताच बंद करते.

उत्तराचा हक्क नसलेली,
तुझी ताई

उद्याचं काम: बैठक सुरू व्हायच्या आधी उभं राहून सांगणे, कागद माझ्याकडे होता.