काकांच्या पुढ्यातलं बोळकं

ती. अमरसिंहदादा यांस,

तामलवाडीहून धाकट्या शंभूचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आणि वहिनींचा गुडघा पुण्याच्या थंडीत कसे आहेत ते कळवावं. इकडं सगळे जिवंत आहेत. (हे मुद्दाम लिहितोय, पुढं कळेल.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता.

बांधाच्या भांडणापासून लिंबाजीकाकांनी आपल्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे तुम्ही जाणताच. पण सोलापूरला पोटाचं ऑपरेशन करून परत आले आणि मथुराकाकूंकरवी निरोप धाडला, की रविवारी जेवायला येतो. अण्णांच्या माघारी आपल्याला वडीलधारं तेवढं एकच माणूस उरलंय. काका जेवून उठले तर भांडण मिटलं, न जेवता उठले तर कायमचं तुटलं, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. मला झोप म्हणून नव्हती.

डॉक्टरांनी त्यांचं तिखट, तेलकट, चावायचं सगळं बंद केलेलं. म्हणून आमच्या हिनं, प्रीतीनं, मोबाईलवर बघून फिरनी करायची ठरवली. भिजवलेले तांदूळ रवाळ वाटायचे, उकळत्या दुधात सोडायचे आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. हात मी थांबवला (विहिरीवरची मोटार जळाल्याचा फोन आला होता), त्यामुळं पहिलं पातेलं कुत्र्यानंही नुसतं हुंगून सोडलं. दुसरं जमलं. फिरनी मातीच्या भांड्यात गार करतात म्हणे, म्हणून मीच हौसेनं कुंभाराकडून बोळकी आणली. लाइट सारखी जात होती. फ्रिज उघडायची प्रीतीनं सगळ्यांना बंदी घातली होती आणि मी तो उघडून बघत होतो.

काका आले, पाटावर बसले. पहिला घास गोडाचा, म्हणून प्रीतीनं आधी बोळकंच पुढ्यात ठेवलं. मातीचं बोळकं आणि आत पांढराफटक दूध-तांदूळ. काकांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि अगदी हळू विचारलं, "शंभ्या, जित्त्या माणसाचा दहावा घालतुस व्हय रं?"

दादा, मथुराकाकूंनी तोंडाला पदर लावला. (हसत होत्या की रडत, अजून कळलेलं नाही.) काका उठले नाहीत, पण बोळक्याला हातही लावेनात. मग दहाव्याला कावळा शिवेना झाला की आपण जे करतो, तेच माझ्याकडून झालं. मी हात जोडले आणि बोलत सुटलो. काका, बांध तुम्ही म्हणाल तिथं घालू. काका ढिम्म. विहिरीच्या पाण्याची पाळी आधी तुमची. ढिम्म. प्रीती म्हणाली, रोज दुपारचा चहा इथंच घेत जावा. मान जराशी हलली. शेवटी मी म्हणालो, बांधावरची चिंच तुमची. काकांनी चमचा उचलला. "आता शिवला बग कावळा," म्हणाले. बोळकं चाटूनपुसून संपवलं आणि दुसरं मागितलं. मला सगळ्यांदेखत रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
शंभू

ता.क. : फिरनी करायची झालीच तर स्टीलच्या वाट्यांत करावी.

आणखी ता.क. : चिंच तुमच्या वाटणीतली आहे, हे मला बोलून गेल्यावर आठवलं. काकांना ते आधीपासून माहीत होतं. तेवढं 'दिली' म्हणून उलट टपाली लिहावं. ते रोज दुपारी येतात, चहा न पिता नुसता पुढ्यात ठेवतात आणि अमरचं उत्तर आलं का म्हणून विचारतात. आजचा कप तसाच निवला.