जिभेची रजा

३ जून

आज दिवसभर शिस्त पाळली. सकाळी काळी कॉफी. दुपारी काकडी आणि उकडलेलं अंडं, त्यातलंही पिवळं काढून. चवखोलीत अकरा बिस्किटं चाखली आणि अकराही कपात थुंकली. तो तर कामाचा नियमच. चावायचं, तोंडभर फिरवायचं, गुण लिहायचे, थुंकायचं, चूळ भरायची. पोट भरलं की जीभ आळसावते, म्हणून आमच्यात कुणीच गिळत नाही. चौदा वर्षं हेच करतेय.

संध्याकाळी आई म्हणाली, "गालाची हाडं दिसायला लागली तुझी. छान दिसतेस हं!" आई कुणाला उगाच छान म्हणत नाही. तासभर जमिनीवर पाय नव्हते माझे.

एकवीस दिवसांचा कमी खायचा बेत होता हा. आज त्र्याण्णवावा.

५ जून

लिहू की नको?

चार वाजता घरी आले. लेक शाळेतून यायची होती, आई खाली बागेत. कपाट उघडलं आणि उभ्या उभ्याच अर्धा पाव संपवला. जॅम तर बरणीत बोट घालून. चव कळलीच नाही — आणि मी चव ओळखायचा पगार घेते! हात थांबत नव्हता, मी मात्र बाजूला उभी राहून बघत होते. मग मनात आलं, गिळलं नाही तर? कामावर करते तसंच. उरलेला अर्धा पाव चावून चावून मगमध्ये थुंकला. नंतर तो मग धुतला, तीनदा.

उद्यापासून सकाळची कॉफीही अर्धीच.

६ जून

आज पुन्हा. फक्त आजच.

१२ जून

फक्त आजच, असं लिहून आठवडा झाला. रोज चार वाजता तेच. सकाळी जितकी कडक वागते, चार वाजता तितकी वेडी होते. आणि जितकी वेडी होते, दुसऱ्या दिवशी तितकी कडक. हे चाक फिरवतंय कोण? मीच ना?

कामावर दोन नव्या बायका आल्यात. त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे. थोरली नवी माझ्याच वयाची, आधी कुठेतरी हिशेबनीस होती, कपाळावर कायम आठी. धाकटी नवी पंचविशीची, ती बिस्किटालाही हसते. गोडीला पंधरापैकी गुण द्यायचे, ते माझ्या जिभेवरून शिकायचे. घड्याळ लावून घ्यावं तसं.

मी नमुना दिला, म्हटलं, "हे नऊ. लक्षात ठेवा."

थोरली म्हणाली, "नऊ? मला तर बेताचंच वाटलं हो."

"जीभ नवी आहे अजून तुमची. सरावेल."

सरावली बिचारी. दुपारपर्यंत दोघी नऊ नऊ लिहायला लागल्या.

१९ जून

लेकीने पाहिलं.

आज ती लवकर घरी आली, मला कळलंच नाही. मी स्वयंपाकघरात, तोंड भरलेलं, हातात तो मग. ती दारातच थांबली. रागावली नाही, घाबरलीही नाही. नुसतंच विचारलं, "आई, तू घरी पण कामावर असतेस का?"

मी हो म्हणाले. नवं बिस्किट आहे, म्हणाले. पावाचा तुकडा समोर दिसत होता!

पंधरा वर्षांची आहे ती. तिने मान हलवली आणि आपल्या खोलीत गेली. जेवताना माझ्याकडे बघत होती. मग स्वतःच्या ताटाकडे बघायला लागली. मला ते दुसरं बघणं जास्त लागलं.

२७ जून

गाल सुजलेत. कानाखाली दुखतं. इतकं चावून दुसरं काय होणार?

आई म्हणाली, "चेहरा भरल्यासारखा वाटतोय. जपून हं."

म्हणजे आणखी कमी खायचं. वा!

केस विंचरायला घेतले की कंगवा भरतो. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. नवऱ्याचा जहाजावरून फोन आला, म्हणाला, "अगं, आवाज का असा खोल गेलाय?" म्हटलं, तुमचा समुद्र मध्ये येतोय. तो हसला. मग मीही.

३ जुलै

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

महिनाभर तक्रारी येत होत्या. आमची नेहमीची बिस्किटं मिळमिळीत लागतात म्हणे. चवखोलीचे प्रमुख म्हणजे आमचे 'तराजू'. बोलतानाही शब्द तोलून टाकतात म्हणून हे नाव. त्यांनी जुने कागद काढले. आमच्या गुणांमध्ये गोडी वाढलेली दिसली म्हणून भट्टीवाल्यांनी दोनदा साखर कमी केली होती. दोनदा!

मग तराजूंनी आम्हा आठ जणांना आपापल्या खणात, आडोशाच्या टेबलाशी बसवलं आणि सहा नमुने दिले. त्यातला एक पडताळणीचा होता, हे कुणालाच सांगितलं नाही. हे बिस्किट ते वर्षानुवर्षं मुद्दाम एकसारखंच भाजून घेतात. त्याची गोडी सहा. मी चौदा वर्षं डोळे मिटून सहाच दिलेत त्याला.

पाच जुन्यांनी सहा दिले. मी नऊ. थोरली नवी नऊ. धाकटी नवी नऊ.

तराजू म्हणाले, "तीन जिभा एकाच वेळी, एकाच बाजूला, एकाच मापाने? असं होत नाही."

थोरली नवी उठून उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. तिची नेमणूक अजून पक्की झालेली नाही. म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल साहेब. मी नवी आहे. बाईंनी तर नीटच शिकवलं."

तराजूंनी माझ्याकडे पाहिलं. "सर्दी वगैरे झाली होती का तुम्हाला?"

चांगला माणूस. दार उघडून दिलं होतं मला. हो, सर्दी — एवढं म्हटलं असतं की झालं होतं. पण ती बाई अजून उभीच होती. माझं पाप पदरात घेऊन.

म्हटलं, "सर्दी नाही. मी उपाशी असते. उपाशी माणसाला सगळंच गोड लागतं. ह्या दोघींच्या जिभा मी बिघडवल्या."

मग धाकटी नवी हळूच म्हणाली, "तरीच! मला घरचा चहाही गोड लागायला लागला होता." कुणीतरी हसलं. मला रडू आलं.

नंतर तराजूंनी मला बाहेर नेलं. "किती दिवस?"

"चार महिने. आणि घरीही थुंकते. रोज."

ते म्हणाले, "बाई, मशीन असतं तर दुरुस्तीला पाठवलं असतं. माणसाला कुठे पाठवतात ते मला ठाऊक नाही. पण विचारून सांगतो." आणि विचारलंही. संध्याकाळच्या आत चिठ्ठीवर पत्ता लिहून आणून दिला.

चवखोलीतून मला जवळजवळ तीन महिने रजा. जिभेला रजा, मला नाही. तोवर नमुन्यांवर आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावायच्या. सप्टेंबरात परत पडताळणी. तेव्हाही नऊ आले, तर माझा खण दुसऱ्या कुणाला देणार.

८ जुलै

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, गोल, चष्मा डोक्यावर. मी मनात म्हटलं, ह्या मला खाण्याबद्दल काय सांगणार! आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. बघ, कुठवर मुरलंय हे.

सगळं सांगितलं, मगसकट. म्हटलं, "मी फार हावरट झालेय."

त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्याला हावरटपणा म्हणता ना, त्याला मी उपासमार म्हणते."

"पण ते चार वाजताचं वेड थांबवायला काय करू?"

"सकाळी आठ वाजता खा."

एवढंच? महिनाभर मी वेडाशी चार वाजता भांडत होते, आणि ते सकाळी आठलाच तयार होत होतं! त्यांनी समजावलं, शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. मग ते मिळेल तेव्हा, मिळेल तसं ओढून घेतं. तो बेत आणि हे वेड एकाच आजाराची दोन तोंडं. एक ठेवून दुसरं घालवता येत नाही.

रक्त तपासायला घेतलं. वजनकाटा घरातून बाहेर. दिवसातून पाचदा खायचं — बसून, कुणाच्या तरी सोबत, आणि गिळायचं!

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "जेवायचं कसं हे शिकायला डॉक्टर लागतो होय? आमच्या वेळी नव्हती ही थेरं."

१० जुलै

सकाळी आठ. लोणी लावलेला एक पाव, एक अंडं — पिवळ्यासकट. चाळीस मिनिटं लागली.

लेक समोर बसली होती. "गेला का खाली?" गेला. "पोचला का?" पोचला असावा. "पोचल्यावर फोन करायला सांग त्याला." मला हसू फुटलं, ठसका लागला, अर्धा घास बाहेर! "हा धरायचा नाही," ती म्हणाली, "हा अपघात होता."

मग तिने स्वतःचा दुसरा पाव घेतला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

१८ जुलै

चिकटपट्ट्या लावते. ४१७, ९०२, ६३५. धाकटी नवी जाता-येता, "काय ताई, टपाल खात्यात बदली का?"

थोरली नवी पक्की झाली. माझ्या टेबलावर अर्धं सफरचंद ठेवलं, उरलेलं अर्धं स्वतः खात शेजारी बसून राहिली. अकरा वाजता. मी संपवेपर्यंत.

२ ऑगस्ट

घसरले. तो मग पुन्हा काढला.

३ ऑगस्ट

फोन केला. डॉक्टरीणबाई ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "काल सकाळी किती खाल्लं होतं?"

काहीच नाही. काल स्कर्ट घट्ट झाला, म्हणून सकाळचं टाळलं होतं.

"मग बरोबर आहे. तुम्ही घसरला नाहीत, तुम्ही उपाशी होतात. आज आठला खाल्लंत?"

खाल्लं होतं.

"झालं तर."

स्कर्ट देऊन टाकला. चांगला होता. जाऊ दे.

१६ ऑगस्ट

आईशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक.

मी दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले. ती म्हणाली, "बास कर आता. एवढं कमावलंस, घालवशील."

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "आई, माझ्या अंगाबद्दल ह्या घरात कुणी बोलायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. हिच्या अंगाबद्दल तर नाहीच नाही." लेक ताटात बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

"मी तुझ्या भल्यासाठीच —"

"माहितीये गं. तरी नाही."

आई उठली, ताट घेऊन आत गेली. मी बटाटे संपवले. लोणी, मीठ, मिरपूड. चांगले झाले होते. चांगले झाले होते, हे मला कळलं!

२० ऑगस्ट

आई चार दिवस कामापुरतंच बोलतेय. दूध आणलंस का. दार लाव.

जेवायला टेबलावर येत नाही. आपल्या खोलीत नेते.

५ सप्टेंबर

चौतीस दिवस झाले, तो मग काढलेला नाही. तरी चार वाजता कपाट आठवायचंच; काल पहिल्यांदाच आठवलं नाही. रात्री कळलं, कारण लेकीने विचारलं, "आई, आज चार वाजता काय करत होतीस?" आणि मला आठवेना. बहुतेक कपड्यांच्या घड्या करत होते. किंवा खिडकीत उभी होते. इतकं साधं, की लक्षातही राहिलं नाही!

केस अजून गळतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, केसांना बातमी उशिरा पोचते.

२२ सप्टेंबर

पडताळणी. दहा वाजता, सकाळचं खाणं होऊन दोन तासांनी. माझा जुना खण. दिवा लाल, म्हणजे रंगावरून काही ओळखू येऊ नये. सहा नमुने.

मनात आलं, पडताळणीच्या बिस्किटाला सहा द्यायचेत हे तर मला ठाऊकच आहे. पण सहा नमुन्यांतलं ते कुठलं, हे थोडंच ठाऊक होतं! आणि कळलं असतं तरी — जे लागलं तेच लिहायचं, असं ठरवूनच बसले होते.

चौथ्या नमुन्याला सात लिहिले. तोच होता.

तराजूंनी कागद पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. "सात."

"सहा नाही आले," मी म्हटलं.

"नऊपण नाही आले. बाई, दोन घरं परत आलीत तुम्ही, उरलेलं एक यायला वाटेत आहे. महिन्याने पुन्हा बघू. खण तुमचाच."

थोरली नवी बाहेर थांबली होती. आठी घालून. मी बोटांनी सात दाखवले. आठी गेली. धाकटीने टाळ्या वाजवल्या, आणि तराजूंनी तिला दटावलं, पण तोलून मापून, हलकेच.

घरी येऊन आईच्या खोलीच्या दारातून सांगितलं. ती 'बरं झालं' म्हणाली. उशीच्या अभ्र्याची सुरकुती सरळ करत राहिली.

२८ सप्टेंबर

सकाळी आई आपणहून टेबलावर आली, माझ्या शेजारी बसली. पावाचा तुकडा तोडला, परत ठेवला. लेक अंघोळीला गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्न ठरल्यापासून पोटभर जेवले नाहीये गं मी. तुझ्या त्या डॉक्टरीणबाई सत्तरीच्या माणसाला बघतात का?"