सात गाठींचं माप

१६ सप्टेंबर, सोमवार. उदगीर.

पोचले एकदाची! सकाळी मुदखेडहून निघाले, नांदेडला एसटी बदलली आणि खिडकी मिळाली म्हणून स्वारी खूश. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत शिवप्पा मास्तरांचं दुकान. पाटी नाही, काही नाही. दरबारी कोटवाले मास्तर म्हटलं की पानवालासुद्धा बोट दाखवतो.

लातूरच्या कारखान्यात चार वर्षं मी फक्त डावा खिसा शिवला. उजवा खिसा शिवणारी बाई दोन मशीन सोडून बसायची. अख्खा सदरा आम्ही दोघींनीही कधी पाहिला नाही. आणि आता पूर्ण कोट, तोही एका जुन्या जहागीरदार घराण्याचा! दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघताना घरचा कर्ता तो घालतो. जरीकाम पाच पिढ्यांपूर्वीचं. कर्ता बदलला की मास्तर तोच कोट उसवतात, अस्तर बदलतात आणि नव्या माणसाच्या मापाने पुन्हा शिवतात. जुने सरकार आषाढात वारले. त्यांचा नातू हैदराबादला असतो, तो घटस्थापनेला माप द्यायला येणार. मास्तरांचे हात आता थरथरतात, म्हणून मला बोलावलं.

मास्तरांच्या बायकोने, गुरम्माकाकूंनी, "लई वाळलीस गं माय" म्हणत तिसरी भाकरी वाढली. दुकानावरची खोली मला दिलीय. लेक शिवानी माझ्या आईकडे मुदखेडला. चौथीत आहे, शाळा मोडायला नको. तिचे बाबा गेल्यापासून इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून मास्तर आले आणि माझी शिकवणी सुरू झाली. माझी टेप त्यांनी हसत बाजूला ठेवली. इथे माप दोऱ्यावर घेतात. एकच लांब सुती दोरा, त्यावर सात गाठी: गळा, खांदा, छाती, कंबर, बाही, मनगट, उंची. तो दोरा भिंतीवरच्या खुंटीला लटकवायचा आणि कोट पुरा होईपर्यंत काढायचा नाही. पुढे माणूस वारला की त्याचा दोरा त्याच्याबरोबर चितेत. सध्या खुंटी रिकामी आहे, म्हणून कोटाला नुसते कच्चे टाके.

"त्या खुंटीला आपलं काही अडकवायचं न्हाई," मास्तर म्हणाले. मी हसून हाव म्हटलं. म्हाताऱ्या कारागिरांची कौतुकं असतात एकेक.

दुसरा नियम मला आधीच माहीत होता. अंगावर कपडा शिवायचा नाही. शिवलाच तर तोंडात काडी धरायची. आई माझं बटण लावताना झाडूची काडी दातात द्यायची. का, ते मास्तरांनी सांगितलं. मढ्याचा कपडा अंगावरच शिवतात. काडी धरली की कळतं, हा जिता हाय.

२२ सप्टेंबर, रविवार

मुदखेडला जाऊन आले. अस्तराचं मोतिया रेशीम थोडं उरलं होतं, मास्तर म्हणाले, घे लेकीला. शिवानीला उभी करून नव्या पद्धतीने दोऱ्यावर माप घेतलं. बाईसाहेब गुदगुल्या होतात म्हणून एक मिनिट स्थिर राहतील तर शपथ! फ्रॉकला फुग्याच्या बाह्या हव्यात म्हणे.

संध्याकाळी परतले. एका हातात पिशवी, एका हातात आईने दिलेलं लोणचं, आतून गुरम्माकाकू जेवायला हाका मारतायत. दुकानातलं मांजर दोऱ्यावर टपलेलं, म्हणून तो तिथेच भिंतीवर अडकवून टाकला आणि जेवायला गेले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मास्तर रविवार रात्रीपासून तापाने पडून आहेत. मी एकटीच कोटावर आहे आणि काहीतरी चुकतंय. खांदा तीन बोटं अरुंद भरला. मी कुठेच कापलेलं नाही. कडा जशाच्या तशा आहेत, सुती कापड धुतल्यावर आटतं तसा कोट आटलाय. पण हे कापड कधी पाण्याला लागलेलं नाही.

आणखी एक. पाठीचे कच्चे टाके पक्के झालेत. मी घातले नाहीत. टाके माझ्यापेक्षा सुबक आहेत, हे लिहिताना लाज वाटते.

२९ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. शिवानीला गणवेश घालवत नाही, खांद्याला काचतं म्हणते. रात्री छातीशी हात घट्ट धरून झोपते. आंघोळ घालताना आईला पाठीवर लाल ठिपके दिसले. मुंगी चावली असेल म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पर रांगेत हायत गं. एकसारखे."

मी खाली येऊन कोटाच्या पाठीवरचे टाके मोजले. तिला ठिपके मोजायला सांगितले. दोन्हीकडे बेचाळीस.

३० सप्टेंबर, सोमवार

मास्तर आज दुकानात आले. खुंटीकडे पाहून दाराला धरून उभे राहिले. "कुणाचा हाय हा?" मी सांगितलं. माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

मी धावत जाऊन दोरा ओढला, हाताला लागेल ती गाठ नखांनी सोडायला लागले. मास्तर ओरडत होते, सोडू नको, सोडू नको. खांद्याची गाठ अर्धी सुटली तेव्हा अकरा वाजले होते. पाचच मिनिटांत शाळेतून फोन. अकराला बाकावर बसल्या बसल्या पोरीचा खांदा निखळला. कुणी हातही लावला नव्हता.

मास्तरांनी माझ्याच हातून गाठ परत मारून घेतली. मी केलं हे. माझ्या हाताने केलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दोरा जाळायचा नाही, तो मेलेल्याचा जाळतात. कापायचा नाही. सोडायचा नाही. नुसता खुंटीवरून काढून उपयोग नाही. कोट उसवला तर? मास्तर मान हलवतात. माप लागल्यावर उसवलं, की अंगच उसवतं.

आता एकच आशा. नातवाचं माप आलं, खुंटीला त्याचा दोरा लागला, तर कोट त्याचा होईल. परवा घटस्थापना. परमेश्वरा, त्याला वेळेवर आण.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना.

तो आला नाही. निरोप आला. त्याला असल्या गोष्टींत रस नाही, यंदा कोट नको, मास्तरांनी तसदी घेऊ नये. मी स्वतः फोन लावला. हात जोडले, फोनवर दिसत नाहीत तरी जोडले. एकदाच या, नुसता दोरा अंगाला लावू द्या. तो भला माणूस आहे. बाई, तुम्ही थकलेल्या वाटता, म्हणाला.

संध्याकाळपर्यंत उजवी बाही आपोआप पूर्ण झाली.

७ ऑक्टोबर, सोमवार

शिवानीला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. मीही आलेय. रक्त, एक्स-रे, सगळं ठीक. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी. उजव्या हाताच्या मनगटापर्यंत ठिपके. तिचा श्वास वरच्या वर चालतो, गळ्याशी बोट घालून काहीतरी सैल करत राहते. गळ्यात काहीच नाही.

आई, तू माझ्यासाठी फ्रॉक शिवणार होतीस ना, विचारलं तिने. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

इथे राहून मला काही करता येणार नाही. जे आहे ते उदगीरला.

९ ऑक्टोबर, बुधवार

कोट आता माझ्या हातावर मावतो. नऊ वर्षांच्या पोरीचा कोट. जरीसकट, बटणांसकट. फक्त डावा मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जोडायची जागा, उघडी आहे. रोज दीड बोट मिटते. मास्तर म्हणतात दसऱ्याला पुरी मिटेल.

मी त्यांचे पाय धरले. काहीतरी लपवताय, बोला. गुरम्माकाकूंनी त्यांचा सदरा वर केला. काखेखाली, बरगडीवर, पाठीवर ठिपके. जुने, पांढरे पडलेले.

"मी आठ वर्साचा होतो," मास्तर म्हणाले. "माझ्या अव्वानं, आईनं, माझा दोरा अडकवला होता. चुकून. तुझ्यासारखंच."

आणि मग? पुढचं काकूंनी सांगितलं. कोटाला एक अंग लागतं. ज्याने गाठी मारल्या त्याने तो स्वतः घालायचा. शेवटचा मुंढा अंगावरच शिवायचा. तोंडात काडी न धरता, मढ्यासारखा. मास्तरांची अव्वा तशीच गेली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मास्तरांनी दुपारी माझ्या नकळत स्वतः करून पाहिलं. म्हातारा रडत होता. तीन सुया मोडल्या. कोट त्यांना घेत नाही, गाठ माझी आहे.

फ्रॉक शिवायला घेतला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

फ्रॉक झाला. फुग्याच्या बाह्या. पूर्ण कपडा, माझ्या एकटीचा.

आईचा फोन — शिवानी डोळे उघडत नाही — ओठ निळे —

दीड बोट उघडं आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. सकाळ.

बाहेर झेंडूची तोरणं लावतायत. काकूंनी मला नुसतं कवटाळलं. मास्तर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेत. काडी मी दुकानाबाहेर फेकली. हात चुकून तिकडे जाऊ नये.

कोट एवढासा. हात घातला — गेला. दुसरा हात — गेला. माझ्यासाठीच कापल्यासारखा —

भीती वाटते आई. लई भीती वाटते.

एक टाका घालते, एक ओळ लिहिते.

पहिला टाका. दुखलं नाही. गार लागलं.

सातवा. फोन — आई — पोरीने डोळे उघडले —

बारावा. भाकरी मागितली! भाकरी आणि दूध! आई हसतेय की रडतेय कळत नाही. शिवानीला फोनवर घेतलं. फ्रॉक झाला का, विचारते. झाला म्हटलं. माझा आवाज बारीक का येतोय, विचारते —

गळा आवळतोय — चौदा —

बोटं नीट वाकत नाहीत — अक्षर —

दोनच राहिलेत. शिवानी, मोठी झालीस की हे वाच. फ्रॉक मास्तर आणून देतील. वाढलीस तर दुमड सोडून घे, कापड ठेवलंय. पण अंगावर शिवू नकोस बाळा. कधी शिवावंच लागलं, तर आधी तोंडात काडी ध—