शेरडांनी खुडलेली चिंच

२ फेब्रुवारी १९८६, माकणी

सापडली! माळावर, मुरमात. चिंच गुडघ्याएवढी, बुंधा मात्र मनगटाएवढा. कुंडीतल्या बोन्सायला याहून काय पाहिजे!

कडूबाईनं दाखवली. मागं पाय मोडलेली शेळी घेऊन आपल्या जनावरांच्या दवाखान्यात आली होती, ती. माझ्या कुंड्या बघून हसली होती, "एवढ्याशा झाडाला एवढा मोठा डाक्तर?" आज म्हणाली, "माझ्या शेरडांनी धा वरसं खुडलीया. वाढू दिलीच न्हाय."

९ फेब्रुवारी

एका दमात काढली तर मरेल. एका बाजूची मुळं तोडून माती लोटली, उरलेली महिन्यानं. कडूबाई काट्यांचं कुंपण घालत होती. "आता डाक्तरची हाय गं, तोंड लावू नगा," — शेरडांना!

२१ फेब्रुवारी

मला कुंड्यांना पाणी घालताना तिनं पाहिलं. "डाक्तर, माझी शेरडं तहानलीत." बस्, एवढंच.

टँकर चार दिवसांनी येतो. लई लाज वाटली. आता हौदातलं उरलेलं शेरडांना. झाडांना माझ्या अंघोळीचं.

९ मार्च

चिंच निघाली! मुळं मातीसकट ओल्या गोणपाटात बांधली. कडूबाईनं डोक्यावर घेतली, मला हात लावू देईना. वाटेत नवऱ्याचं बोलली — पंधरा वर्षांपूर्वी साप चावून गेला. मी चन्नम्माचं बोललो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, कुणापाशी बोललो नव्हतो.

१७ मार्च

दूध सोसायटीचे आबाराव माणूस चांगला. आवाज बारीक करून म्हणाले, "डाक्तर, तुमची काय, नोकरी. आज इथं, उद्या तिथं. त्या बाईला गावातच ऱ्हायचंय. लोक बोलतेत."

१८ मार्च

बदलीचा अर्ज दिला.

२ एप्रिल

चिंचेला पालवी! सांगू कुणाला? कडूबाई शेरडं दुसऱ्याच माळाला नेते. तिच्याही कानावर गेलं असणार.

१२ मे

हुकूम आला. तेरखेडा. झाडांसाठी टेम्पो सांगितला.

१५ मे

कडूबाई आली. भरदुपारी, सोसायटीपुढून, सगळ्यांदेखत! "समदी झाडं नेताय. मला इचारलं बी न्हाय?"

कसंबसं म्हणालो, "येता?"

"शेरडं बी येतील."

टेम्पो रद्द. ट्रक सांगितलाय.