सायलेन्सर बसवायच्या आधी

१४ नोव्हेंबर १९९३, कोयनानगर
आली! बाळासोंनी लिलावात घेतलेली अमेरिकन साहेबाची मस्टँग मोटार ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात आणली. सदुसष्टच्या भूकंपानंतर साहेब मायदेशी गेला, तेव्हापासून शेडात पडून होती. लाल होती म्हणे. आता नुसता गंज.
बाळासो कुंडलचे, उसातला माणूस. म्हणाले, "कपिल गड्या, हिला जिती करून दाव. पाच डिसेंबरला पोरीचं लगीन हाय, नवरी हिच्यातनं न्यायची."
बाबा साहेबाकडं ही गाडी रोज पुसायचे. तेवढीच त्यांची नोकरी.

१५ नोव्हेंबर
आईला सांगितलं. सहा महिने अंथरुणाला खिळलीय, चार-चार दिवस तोंडातून शब्द नाही. आज बोलली! "तुजा बा म्हनायचा, भामे, येकदा हिच्यात बसवून तुला कराडपतोर नेतो."
बाबा गेले, राहूनच गेलं. आता मी नेणार. गाडी कुंडलला जायच्या आधी—काय वाट्टेल ते होवो!

१९ नोव्हेंबर
इंजिन जाम. आठ सिलिंडर, आठांतही डिझेल ओतून ठेवलंय. वायरिंग उंदरांनी खाल्लं. स्टिअरिंग डावीकडं, आणि मी दर वेळी उजव्या दारानं आत शिरून स्वतःलाच शिव्या घालतो.

२३ नोव्हेंबर
किल्लारीच्या भूकंपाचे फोटो अजून पेपरात येतात. आईनं पेपर पालथा टाकला. बायको, अंजना, हळूच म्हणाली, "आवं, आत्यास्नी मायावन्संचं येकदा इचारा की."
काय विचारू? माया माझी थोरली बहीण. सहा वर्षांची होती, सदुसष्टला भिंतीखाली गेली. मी तीन वर्षांचा, आईच्या काखेतून बाहेर आलो. तेव्हापासून आईच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलेलं नाही. भिंतीवर बाबासाहेब आहेत, बाबा आहेत, माया नाही. लहानपणी फार राग यायचा—आई असून विसरली कशी!

२८ नोव्हेंबर
पिस्टन सुटले!! गॅरेजात एकटाच नाचलो.

२ डिसेंबर
बाळासोंचा निरोप—उद्या दुपारी न्यायला येतो. उद्याच! सायलेन्सर पार कुजलाय. नवा करून बसवायला दोन दिवस तरी लागतील. जाऊ दे, तसाच नेतो आईला. आवाज होईल, होऊ दे की.

३ डिसेंबर
लिहवत नाही.
सकाळी पोरांकडून ढकलून गाडी दारात आणली. अंजना आत आईला नवं लुगडं नेसवत होती. मी चावी फिरवली. इंजिन पेटलं आणि घराची कौलं थरथरली. इथं धक्का बसायच्या आधी जमिनीच्या पोटातून येतो, अगदी तोच आवाज! "भूकंप! भाईर पळा!" सगळी आळी रस्त्यावर आली. बायांच्या काखोटीला पोरं. मग माझ्याकडं बघून एकेकाच्या शिव्या. मी हसत होतो. हसत होतो मी!
आणि आई उठली. अंजनाला ढकलून, भिंत धरत चालायला लागली. दाराकडं नाही, आतल्या खोलीकडं. तिथली गोधडी छातीशी धरून आली आणि उंबऱ्यात कोसळली. "घेतली! माया, घेतली गं तुला!"
इतकी वर्षं मी तिला काय काय समजत होतो.
दुपारी बाळासो आले. ऐकून घेतलं, गाडी चालूच केली नाही. "म्हातारीच्या कानावर नगं परत," म्हणाले आणि ट्रॅक्टरला बांधून घेऊन गेले.
दोन दिवस थांबायला काय झालं होतं मला?

७ डिसेंबर
आई गोधडी खाली ठेवत नाही. आज माझ्याकडं बघून रडायला लागली. "दादा, माजा कपिल आत ऱ्हायला वं. तीन वर्साचं लेकरू. मला येकच उचलता आलं."
मी म्हटलं, "पोरगी वाचली न्हवं, मावशी? मग बास झालं."