कुठल्या गावची किताब

बाबा, तुमच्या किताबीत मासे निघाले.

असं एकदम सांगितलं की तुम्हाला वाटेल म्हातारी भ्रमिष्ट झाली, म्हणून नीट बसून पहिल्यापासून सांगते. मी बोलतेय आणि सून लिहितेय. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय, बाहेर बर्फाचा चिखल झालाय, आणि ती दर दोन वाक्यांनी म्हणते, "आई, हळू सांगा, मी टाइपरायटर नाही." अमेरिकेतल्या या गावाला ट्रॉय म्हणतात. तुमचं जहाज इथे कधी लागलं नसतं. तळी आहेत, समुद्राएवढी, पण त्यांना खारा वास नाही, मग मन कसं लागायचं? तुमचा नातू, माझा मुलगा, मोटारींच्या कंपनीत इंजिनीअर आहे. त्याची मुलगी तेरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींना वाटतं की आपलं छान बोलणं झालं.

किताब मी तिच्या हिरव्या कापडाच्या गाठोड्यात बरोबर घेऊन आले होते. विमानतळावर कस्टमच्या गोऱ्याने गाठोडं सोडायला हात घातला, तेव्हा मी अशी ओरडले की लोणच्याची बरणी तपासायची तो विसरूनच गेला. घरी आल्यावर मी सगळ्यात उंच जागा शोधली, ती निघाली फ्रिजची. सून म्हणाली, "आई, फ्रिज गुरगुरतो, बरं दिसत नाही," म्हणून मग कपाटाचा वरचा कप्पा. त्या हिरव्या कापडाची गाठ मी कधी सोडली नाही. तुम्हीच सांगितलं होतं, फार जुनी आहे, पानं गळतील, उघडायची नाही. आईने उघडली नाही, तुमच्या बहिणीने, फुफीने उघडली नाही. एकदा मशिदीतल्या खतिबाच्या बायकोने हट्टाने पहिलं पान पाहिलं. वर बिस्मिल्ला दिसलं, तसं तिने ते डोळ्यांना लावलं आणि परत बांधून दिलं. झालं, त्या दिवसापासून आपल्या घरी तुम्ही पिनांगच्या बंदरातून आणलेलं कुराण आहे असं गावभर झालं. माझ्या लग्नात मामूने ते दोन्ही हातांनी उंच धरलं आणि मी त्याच्याखालून घराबाहेर पडले. म्हणजे मी माशांखालून सासरी गेले, बाबा.

आता तो दिवस. मी अकरा वर्षांची. तुम्ही जहाजावर भंडारी, सगळ्या खलाशांचा स्वयंपाक तुमच्या हातात, दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी. भाऊ मराठी शाळेत जातो आणि संध्याकाळी पाटी माझ्यापुढे टाकून खेळायला पळतो. पुसायच्या आधी मी ती बघते. बघून बघून मला ग म भ न येतं, आणखीही पाच-सहा येतात. आणि मग ईदेसाठी फुफीने स्वतःच्या हाताने चुना लावलेल्या भिंतीवर मी चुलीतल्या कोळशाने ग म भ न काढते, माझ्या उंचीचं. फुफीचा आवाज खाडीपलीकडे गेला असेल. "पोरीला अक्षर आलं की पोरगी चिठ्ठी लिहिते, आणि चिठ्ठी लिहिली की ती घरात राहत नाही!" आई मान खाली घालून भाकरी थापतेय. तुम्ही मासे साफ करत बसलाय, घरी असलात की ते काम तुमचंच. तुम्ही उठता, हात धुता, गाठोडं काढून आणता आणि माझा हात त्यावर ठेवता. "म्हण, या किताबीची शपथ, मी पाटीला हात लावणार नाही, अक्षर शिकणार नाही." मी म्हणते. फुफी दारात उभी राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकते, मग पदर खोचून भिंत पुसायला जाते. तुमची मिशी हलते. ती हलली हे मला पक्कं आठवतं. हसू दाबलंत म्हणून, माझी कीव आली म्हणून, की नुसती माशी बसली म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता तर मुळीच कळत नाही.

शपथ मी पाळली. भाऊ मुद्दाम पाटी पुढे करायचा तर मी डोळे मिटून घ्यायची. पुढे नवरा मुंबईला गोदीत, मी गावात. त्याची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा, अंगणात, मोठ्याने, सासूसमोर. त्यामुळे नवऱ्याने जन्मात मला एक गोड शब्द लिहिला नाही. भात कसा आहे, म्हैस कशी आहे, आणि मग मी. एकदा पोस्टमन पत्र ओसरीवर टाकून घाईने गेला, पलीकडच्या गावात त्याच्या बहिणीचं लग्न होतं, आणि वाचता येणारी सगळी माणसं त्याच लग्नाला. चार दिवस ते पत्र मी कमरेला खोचून फिरले. पाचव्या दिवशी भावाने येऊन वाचलं. आजारी आहे, लवकर ये. मी मुंबईला पोचले तोवर त्याला माती देऊन झाली होती. मला येत असलेल्या अक्षरांत 'ये' होतं का, ते आठवत नाही. कधी वाटतं होतं. तेव्हा मी कोणाला दोष दिला नाही. किताबीची शपथ, तिथे दोष कोणाला द्यायचा?

इथे आल्यावर नातीने फ्रिजवर रंगीत अक्षरं चिकटवली. "आजी, आय विल टीच यू." लायब्ररीत म्हाताऱ्या माणसांसाठी फुकट वर्ग असतो, मुलगा तिथे माझं नाव घालून आला. मी म्हटलं, शपथ आहे. तो म्हणाला, "आई, इथे अमेरिकेत कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, ज्याने बघायचं त्याला व्हिसा लागत नाही.

मग गेल्या महिन्यात ती मुलगी आली. जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाला, आम्ही एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये जातो, तिथे जगभरचे लोक, आणि बायका मागे बसून एकमेकींच्या सुनांचं माप काढतात. ही मलेशियाची, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते, छोटीशी, डोक्याला गुलाबी स्कार्फ. तीन महिन्यांत धड मासा खाल्ला नाही म्हणाली, म्हणून सुनेने तिला जेवायला बोलावलं. मी नारळाच्या रसातलं कालवण केलं. तिने ताटातलं कोकम बोटांत धरून बघितलं, वास घेतला आणि नातीला काही सांगितलं. "आजी, ती म्हणते त्यांच्याकडे सेम असतं, सुकवलेलं, आंबट, फक्त लाइट कलर." नंतर तिने बोटं चाटली, तेव्हा ती मला पसंत पडली. "पिनांग?" मी विचारलं. नात म्हणाली, "येस आजी, तिच्या आईचं गाव तिथेच जवळ आहे." मला भरून आलं. म्हटलं, बघू दे पोरीला तिच्या गावचं कुराण. गाठ मी सोडली नाही, तिला सोडू दिली. उघडायची नाही हे तुम्ही मला सांगितलं होतं, तिला कुठे सांगितलं होतं? म्हातारपणी अशा पळवाटा पटकन सापडतात.

तिने आधी हातपाय धुतले. पहिलं पान उघडून कपाळाला लावलं. दुसरं उघडलं. तिसऱ्यावर तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलायला लागले, आणि मग बाबा, ती खुदकन हसली. हसली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला.

"काय झालं गो?" मी विचारलं.

दोघी पोरी आपसात कुजबुजल्या. नात माझ्याकडे बघेना. "आजी, डोन्ट गेट मॅड. इट्स नॉट कुराण. गोष्ट आहे."

"कसली गोष्ट?"

"फिशची. एक पापलेट आहे, पापलेटच असेल, व्हाइट फिश. तिला मोठ्या घरात लग्न करायचंय. आणि बाजारातले बाकीचे फिश तिच्यावर जळतात आणि भांडतात."

अक्षरं कुराणाची, बोली त्यांची. त्यांच्याकडे पूर्वी सगळं त्याच अक्षरांत लिहायचे म्हणे, गाणी, गोष्टी, निरोप. त्यांच्या तोंडचे काही आवाज अरबांच्या अक्षरांत नव्हते, म्हणून त्यांनी जास्तीची टिंबं देऊन घरची अक्षरं केली. आणि गोष्ट असली तरी वर बिस्मिल्ला घालायचे, चांगलं काम तसंच सुरू करतात. सून म्हणते, मी उघडून बघितलं असतं तर मला लगेच कळलं असतं. मी म्हटलं, तुला कुराण तरी कुठे कळतं, अर्थ न कळता नुसतं वाचतेस. हे ती लिहीत नाहीये. लिही गो. तर ती कविता आहे, चार-चार ओळींची, चारही ओळींचं शेपूट सारखं, आणि ती वाचायची नसते, गायची असते. मुलीने गाऊन दाखवली. तुम्ही मासे साफ करताना नाकातल्या नाकात काही म्हणायचात, तोच सूर. तोच की नाही, आता शपथेवर सांगू शकत नाही. इतक्या वर्षांनी कोणी नाकात गायलं तरी मला ते तुमचंच वाटतं.

शेवटच्या पानावर, ज्याने ही किताब हाताने उतरवून काढली त्याची विनंती आहे. नातीने ती मला दोनदा सांगितली. हात दुखेपर्यंत लिहिलंय, चुका झाल्या तर पोटात घाला, विड्याचे हात पानांना लावू नका, आणि वाचून झाली की परत आणून द्या. परत आणून द्या, बाबा. विड्याचे डाग नाहीत, पण हळदीचे आहेत. निम्म्या किताबीपर्यंत पानांच्या कोपऱ्यांवर पिवळी बोटं आहेत, पुढे सगळं कोरं. आता मला सांगा. घरी आलेल्या पगाराच्या कागदावर तुम्हाला अंगठा उठवताना मी पाहिलंय. मग हळदीच्या हातांनी तुम्ही काय करत होता? तिथे कोणी तुम्हाला शिकवत होतं? की कोणी गात होतं आणि तुम्ही शेजारी बसून पान उलटत होता? की नुसतेच बघत होता, जशी मी पाटी बघायची?

आणि त्या एका शब्दाचं काय करू? मी सगळं आठवून आठवून बघितलं, तुमच्या तोंडून 'कुराण' असं कधीच निघालं नाही. कुराण आम्ही म्हणायचो. तुम्ही म्हणायचात किताब. आता आपल्या गावात किताब म्हणजे कुराणच, दुसरी किताब होती कोणाकडे? पण गोदीत, तुमच्या जहाजावरच्या हिंदुस्तानीत, कुठलंही पुस्तक म्हणजे किताब. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली तिच्या गावात किताब म्हणजे धर्माचीच, गोष्टीच्या पुस्तकाला वेगळा शब्द आहे. म्हणजे आपल्या गावच्या बोलीत तुम्ही खोटं बोललात, पिनांगच्या बोलीत चुकलात आणि जहाजाच्या बोलीत अगदी खरं बोललात. तुम्ही त्या दिवशी कुठल्या गावात होतात, बाबा?

घरात तीन माणसं आणि तीन निवाडे. मुलगा म्हणतो, "आजोबांना माहीत नव्हतं गं. कोणीतरी फसवलं बिचाऱ्यांना." सून म्हणते, "पक्कं माहीत होतं. नाहीतर शपथेसाठी शेजारच्या खतिबाकडचं खरं कुराण नसतं आणलं? फुफीला गप्प केलं आणि तुम्हाला मोकळं ठेवलं." नात म्हणते, "आजी, सो द प्रॉमिस डझन्ट काउंट!" आणि मला सुनेचं पटतं, मग मुलाचं पटतं. माहीत होतं असं धरलं की तुमच्यावर माया दाटून येते, आणि पाठोपाठ राग. मला मोकळं ठेवलंत तर एकदा कानात सांगायचं होतंत. त्यानंतर नऊ वर्षं जिवंत होतात तुम्ही. किती वेळा घरी आलात, किती मासे साफ केलेत माझ्यासमोर. एक शब्द बोलला असतात तर ते चार दिवस मी पत्र कमरेला खोचून म्हशीमागे हिंडले नसते. आणि माहीत नव्हतं असं धरलं की राग जातो, पण मायाही जरा पातळ होते. तेव्हा मला कुठलं खरं हवंय, तेच मला ठरवता येत नाही.

किताब सध्या टेबलावर आहे, माझ्या कोपराशी. कपाटात वर ठेवली की खोटं वाटतं. नातीच्या गोष्टींच्या पुस्तकांत ठेवली तर ती पुस्तकं जमिनीवर लोळतात, बिस्मिल्लाला पाय लागेल. सुनेने एक दिवस ती स्वयंपाकाच्या पुस्तकांत लावून ठेवली, मी हसेन म्हणून. मी हसले, आणि मग काढून आणली.

सून विचारतेय, "आई, पाकिटावर पत्ता काय घालू?" काही घालू नकोस म्हटलं. पाकीटही नको. घडी घालून माझ्या हातात दे.

एक राहिलं. काल नात पेन्सिल आणि कोरी वही घेऊन आली, माझ्या बोटांत पेन्सिल धरून दिली आणि म्हणाली, "नाऊ यू कॅन, आजी." मी पेन्सिल वहीवर ठेवून दिली, शपथेची सबब आता चालली नसती. मी म्हटलं, बारीक दिसत नाही गो आताशा, डोळे गेले माझे. तिला खरं वाटलं. मुलाने लगेच फोन करून मंगळवारची डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. बाबा, माझ्या डोळ्यांना काहीसुद्धा झालेलं नाही, सुईत दोरा मी अजून एका झटक्यात ओवते. सून लिहायची थांबलीय आणि माझ्याकडे बघतेय. तिला म्हटलं, बघतेस काय, हेही लिही.