बंदीचा अर्ज

ईडन प्रेरी, मिनेसोटा
रविवार, १२ मार्च २००६

प्रिय नीलांबरी,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. मालिशवाल्या बाईंना इतक्यात सोडू नकोस. मी ठणठणीत आहे. इथला बर्फ आता वितळेल असं सगळे जानेवारीपासून म्हणताहेत. जेवणाचे हाल नाहीत. कुकर मी लावतो, भाजी शंतनू आणतो. हिमानी आणि अनया फ्रिस्कोला हिमानीच्या बहिणीकडे गेल्या आहेत, थोड्या दिवसांसाठी.

दर रविवारी फोन होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन शंतनू लावून देतो आणि शेजारी बसून राहतो, म्हणून. हे पत्र मी स्वतः चालत जाऊन पोस्टात टाकणार आहे. त्याला यातलं काही विचारू नकोस.

जानेवारीत माझ्या नावाने एक पाकीट आलं. अमेरिकेत मला पत्र लिहिणारं कोण, म्हणून मी कौतुकाने उघडलं. कुठल्याशा बेटावरच्या सरकारी जुगार आयोगाचं होतं. अनयाच्या पृथ्वीच्या गोलावर ते बेट मला सापडलं नाही. पत्रात लिहिलं होतं, "आपल्या खात्यावरचा खेळ अलीकडे फार वाढला आहे. आपण ठीक आहात ना, हे विचारायला आमच्या एक अधिकारी फोन करतील." ऑफिसच्या क्लबात रमीचा डाव मांडला की चप्पल घालून घरी येणारा मी!

आता लिहूनच टाकतो. शंतनू कॉम्प्युटरवर पैसे लावून पत्ते खेळतो. दोन वर्षं झाली. आधी स्वतःच्या नावावर खेळायचा. हिमानीला कळलं तेव्हा तिने त्याला शेजारी बसवून आयोगाकडे अर्ज करायला लावला, की मला पाच वर्षं खेळू देऊ नका. आयोगाने ती बंदी इमानाने पाळली. त्यांच्या हाताखालच्या एकाही दुकानात (वेबसाइटला मी दुकानच म्हणतो) त्याला शिरता येईना. मग त्याने माझं नाव घातलं.

सही माझीच आहे. नोव्हेंबरात मी मटार सोलत बसलो होतो. तो म्हणाला, "बाबा, व्हिसा एक्स्टेंड करायचे पेपर्स आहेत, इथे आणि इथे साइन करा." पासपोर्ट त्याच्याकडेच होता. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं मी साधी पावतीसुद्धा वाचल्याशिवाय सही केली नाही, आणि मुलाने पुढे केलेल्या कागदावर मटाराच्या ओल्या हाताने दोनदा केली.

त्या आयोगाचे सगळे नियम मी हिमानीकडून छापून घेतले आणि डिक्शनरी घेऊन वाचले. खातं सुरेख चालवलंय गं. जुगाराच्या दुकानाला परवाना हवा, पत्ते वाटणाऱ्या यंत्राची तपासणी हवी, खेळणाऱ्यांचे पैसे वेगळे ठेवायला हवेत. खेळणाऱ्याने स्वतःवर घातलेली मर्यादा कमी करायची तर त्याच दिवशी होते, वाढवायची तर आठवडाभर थांबावं लागतं. हे ज्याने सुचवलं त्याला माणसं कळतात. पारड्याखाली चिंच चिकटवणारे व्यापारी पकडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मला या कामातलं थोडंफार समजतं. इथल्या सरकारला त्या दुकानाशी काही देणंघेणं नाही, दुकान इथे नाहीच ना! जी काही राखण आहे ती त्या बेटावरून. आणि ते राखतात खेळाडूला. दप्तरात खेळाडू म्हणून मी आहे. बायको, बाप, आई यांचा अर्ज ते घेतच नाहीत; ज्याचं नाव त्यानेच मागायला हवं.

मग फोन आला. बाई फार हळू आणि आदबीने बोलत होत्या. तुमचं खातं दुसरं कोणी वापरतं का, कोणी दडपण आणतंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. तसं असेल तर लेखी कळवा, आम्ही चौकशी करू, आणि ओळख चोरली असेल तर पोलिसांनाही कळवू, म्हणाल्या. शंतनू समोर हात जोडून उभा होता. "बाबा, प्लीज. तुम्हीच खेळता म्हणा. माझं ग्रीन कार्ड जाईल." डोळ्यांत पाणी. नीलांबरी, मी म्हणालो, "नो मॅडम, ओन्ली आय अ‍ॅम प्लेइंग." त्यांनी तिथल्या तिथे मला पाच वर्षांची बंदी घालून दिली आणि प्रामाणिकपणाबद्दल माझे आभार मानले. नोकरीभर प्रामाणिक राहिलो तेव्हा कोणी मानले नव्हते.

शंतनू माझ्या पाया पडला. पुन्हा कधी नाही, म्हणाला. मी विश्वास ठेवला, म्हणजे ठेवायचाच असं ठरवलं.

हिमानी मात्र रडलीही नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही खरं सांगितलं असतंत तर हे एकदाच काय ते संपलं असतं. त्याला शिक्षा झाली असती, मी थांबले असते. आता तो नेक्स्ट नाव शोधेल." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या नावाने बंदीचा अर्ज भरून पाठवला. त्या मुलीने आयुष्यात पत्ता हातात धरलेला नाही. मग अनयाचा शाळेचा दाखला काढला. थोड्या दिवसांसाठी, असं मी वर लिहिलंय ते खोडत नाही, पण ते खरं नाही. ती परत येणार नाही. आणि तिला घालवण्यात माझा वाटा शंतनूइतकाच आहे.

हे सगळं जानेवारीतच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मला लाज वाटली. त्याची वाटली आणि माझीही.

आज लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. त्याच्या ऑफिसातला गिरीश महिनाअखेरीला नाशिकला जातोय. तो तुला बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि एक पाकीट आणून देईल. पुढच्या वर्षी तुला इकडे आणायचं म्हणून व्हिसाचे कागद आहेत, सही कर आणि पासपोर्टची झेरॉक्स दे, असं सांगेल. गिरीश बिचारा सरळ आहे, त्याला काही ठाऊक नाही. ते पाकीट मी शंतनूच्या टेबलावर पाहिलं. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. व्हिसाचं त्यात काही नाही, खेळाचं खातं उघडायचा अर्ज आहे. त्यावर तुझं नाव आहे.

सही करू नकोस. एवढ्याने भागणार नाही, कारण तुझी सही त्याला येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तो ती करायचा आणि आपण दोघं हसायचो. म्हणून सोबत दुसरा कागद पाठवतोय. हिमानी जाताना छापून ठेवून गेली होती, मला तेव्हा तिचा राग आला होता. बंदीचा अर्ज आहे, कोरा. सगळं वाच. 'माझा खेळावर ताबा राहत नाही, मला दूर ठेवावे' असं त्यात आहे. तू तर सोंगट्यांनासुद्धा हात लावत नाहीस, हे मला माहीत आहे. तरी खाली सही कर, झेरॉक्स जोड आणि पाठव. पाकिटावर पत्ता मी घातलाय. खोटं लिहायला लावतोय. दुसरी बेटं असतील, दुसरी दुकानं असतील, तिथलं माझ्या हातात नाही.

मग रविवारी तो फोनवर रडेल. आईपाशी रडायचं कसं हे त्याला लहानपणापासून येतं. गिरीशबरोबर कागद का नाही दिलास, विचारेल. माझ्यापुढे रडला आणि मी हो म्हणालो, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय. तू नाही म्हण. कारण विचारलं तर सांग, आईला जुगाराचं व्यसन आहे, सरकारने बंदी घातली आहे.

तुझा अपराधी,
त्र्यंबक